मीठ, ताण आणि ॲल्युमिनियम



ॲल्युमिनियमला गंज चढत नाही, ही समजूत आपल्या घराघरांतून इतकी रुजलेली आहे की, तिच्याविषयी शंका घेण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. लोखंडी तवा दोन दिवस ओला राहिला तर तांबूस होतो. पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली की त्यात ठेवलेले ताक कळकते. ॲल्युमिनियमचे पातेले मात्र वर्षानुवर्षे वापरले तरी पांढरेच राहते. ही समजूत अर्धी खरी आहे. जी अर्धी खोटी आहे, तिच्यापायी विमानांचे भक्कम अवयव कोणी हात न लावता तडकले आहेत आणि युद्धनौकांना हजारो भेगा पडल्या आहेत. त्या दुसऱ्या अर्ध्या भागाविषयी आज बोलावयाचे आहे.

मी राहतो त्या बजाजनगरास ॲल्युमिनियम परके नाही. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, आणि त्याच्या भोवती दुचाकी गाड्यांचे ॲल्युमिनियमचे भाग ओतणारे व कातणारे लहानमोठे कारखाने उभे राहिले. आमच्या वस्तीतील निम्म्या घरांतून कोणी ना कोणी या धातूला हात लावून संध्याकाळी परत येते. समुद्र येथून सडकेने तीनशेहून अधिक किलोमीटर दूर. तेव्हा खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमचे काय होते, याची उठाठेव आम्ही का करावी, असा प्रश्न एखादा श्रोता विचारील. त्याला उत्तर असे की, येथे घडलेला भाग येथेच राहतो असे नाही. आणि चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरणारे विमान आदल्या रात्री मुंबईच्या दमट, खारट हवेत उभे राहिलेले असू शकते. या रोगाला समुद्रात बुडी मारावीच लागते असे नाही. खारट दमटपणा त्याला पुरतो.

प्रथम ॲल्युमिनियम गंजत का नाही, ते पाहू. वस्तुतः हा धातू अतिशय उतावळा आहे. उघडा पडला की त्याच क्षणी तो हवेतील प्राणवायूशी संयोग पावतो. परंतु या संयोगाने तयार होणारे साय-वजा कवच इतके घट्ट बसते की, आतल्या धातूला पुन्हा हवा म्हणून लागत नाही. एका मिलिमीटरचे दोन-तीन लक्ष भाग करावेत, त्यांतल्या एका भागाएवढी या कवचाची जाडी! लोखंडावरचा गंज पोपडे धरून गळतो आणि खालचे लोखंड पुन्हा उघडे पाडतो. ॲल्युमिनियमचे कवच गळत नाही, ओरखडा पडला तर स्वतःच भरून येते. या धातूचे सारे आयुष्य त्या कवचावर अवलंबून आहे.

मिठाला मात्र हे कवच भेदता येते. मिठातील क्लोरीनचा अंश कवचातील दुबळी जागा हुडकतो आणि तेथे सुईच्या टोकाएवढे छिद्र पाडतो. लोणचे, चिंचेचे सार किंवा खारट पदार्थ ॲल्युमिनियमच्या भांड्यात रात्रभर ठेवू नयेत असे जे गृहिणी सांगतात, ते बरोबरच आहे. तसे केल्यास भांड्याच्या बुडाशी बारीक खड्डे आणि पांढरी भुकटी दिसू लागते. पण येवढ्याने भांडे तडकत नाही, आणि आज ज्या रोगाचे मी वर्णन करणार आहे तो आपल्या स्वयंपाकघरात शिरत नाही, हेही येथेच सांगून टाकतो. भांडी जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनियमची किंवा सौम्य मिश्रधातूची असतात. खिडक्यांच्या चौकटी, दुचाकीच्या यंत्राची सिलिकॉनमिश्रित ओतीव पेटी, हीही या रोगापासून बहुतेक सुरक्षितच. तो जडतो तो बलाढ्यांना. जितका धातू बळकट करावा तितका तो या रोगाला अधिक वश होतो, आणि यातच सारी अडचण आहे.

रोगाचे शास्त्रीय नाव भारदस्त आहे : प्रतिबल-संक्षारण. प्रतिबल म्हणजे पदार्थाच्या अंगात असलेला ताण, संक्षारण म्हणजे गंजणे. आपण सोयीसाठी त्याला ‘ताणतडा’ म्हणू. धातूवर नुसता ताण असेल आणि हवा कोरडी असेल, तर तो वर्षानुवर्षे टिकतो. नुसते खारे पाणी असेल आणि ताण नसेल, तर थोडेफार खड्डे पडतात, वस्तू मोडत नाही. परंतु रोगाला वश असणारा धातू, सतत ओढणारा ताण आणि खारट ओल, या तिघांची एकत्र गाठ पडली की जो ताण त्या धातूने हसत सोसावयाचा, त्याच्या एका लहानशा अंशाखाली तो तडकतो. वजन घटत नाही, रंग बदलत नाही, वाकत नाही. पृष्ठभाग चकचकीत असतो आणि आत केसासारखी भेग पुढे सरकत असते.

या रोगाची पहिली मोठी गाठ मनुष्याला आपल्या देशातच पडली, ही गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील लष्कराच्या कोठारांत बंदुकीची पितळी काडतुसे साठवून ठेवीत. उन्हाळाभर ती जशीच्या तशी राहत. पावसाळा आला की मात्र त्यांच्या पितळी नळ्यांना, विशेषतः जेथे नळी गोळीभोवती आवळून बसवलेली असे तेथे, उभ्या चिरा पडलेल्या आढळत. कोणी त्यांवर आघात केलेला नसे, कोणी ती डागलेली नसत. दर वर्षी त्याच हंगामात हा प्रकार घडे, म्हणून इंग्रजांनी त्याला ‘सीझन क्रॅकिंग’, म्हणजे हंगामी तडा, असे नाव दिले. आपल्या पावसाळ्याने धातुशास्त्राला दिलेला हा शब्द अद्यापि ग्रंथांतून आढळतो.

कोडे पुष्कळ दिवस सुटले नाही. पावसाचे पाणी हेच कारण म्हणावे, तर पितळेचा तांब्या रोज पाण्यात असतो, तो का फुटत नाही? उलगडा झाला तो १९२१ साली. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघा संशोधकांनी दाखवून दिले की, काडतुसे पावसाळ्यात सुरक्षित राहावीत म्हणून जेथे ठेवीत, ते घोड्यांचे तबेले होते. घोड्यांच्या मूत्रातून अमोनिया वायू निघतो. दमट हवेत तो पितळेवर बसतो. एरवी त्याने पितळ थोडेसे कळकले असते, इतकेच. परंतु काडतुसाची नळी थंड पितळ ठोकून-ओढून केलेली, त्यामुळे बाहेरून काहीही भार नसताना तिच्या अंगातच ताण कोंडलेला होता. अमोनिया आणि कोंडलेला ताण यांची भेट तबेल्यात झाली. उपायही मग सोपा निघाला. घडवल्यानंतर नळ्या मंद आचेवर तापवाव्यात, म्हणजे अंगातला ताण निघून जातो. आणि काडतुसे तबेल्यात ठेवू नयेत.

आपल्या तांबट आळीत गेलात तर तेथेही हेच चाललेले दिसेल. तांबट भांडे ठोकतो, मग ताव देतो, पुन्हा ठोकतो, पुन्हा ताव देतो. ठोकल्याने धातू ताठर होतो आणि ताव दिल्याने तो पुन्हा मऊ पडतो, हे त्याला बापजाद्यांकडून ठाऊक आहे.

आता ॲल्युमिनियमकडे वळू. शुद्ध ॲल्युमिनियम हलका खरा, पण फार नरम. एक चौरस मिलिमीटर छेदाची तार घेतली तर सुमारे ९ किलो वजनाला ती तुटते; साध्या पोलादाची तेवढीच तार ४० ते ४५ किलो पेलते. अशा मेणचट धातूचे विमान कसे व्हावे? १९०६ साली जर्मनीत आल्फ्रेड विल्म या धातुशास्त्रज्ञाला वाट सापडली. त्याने ॲल्युमिनियममध्ये थोडे तांबे व मॅग्नेशियम मिसळले, तापवले आणि पाण्यात बुडवले. आपला लोहार पोलादाला पाणी पाजतो तेव्हा ते तत्काळ कठीण होते. विल्मचा धातू मात्र पाण्यातून काढताना नरमच होता. पुढे एकदोन दिवस नुसता पडून राहिल्यावर पाहतो तो तो आपोआप कठीण झालेला! लोणचे जसे बरणीत मुरते, तसा हा धातू मुरतो. आतल्या आत परकीय मूलद्रव्यांचे अतिसूक्ष्म कण गोळा होतात आणि धातूच्या थरांना एकमेकांवरून घसरू देत नाहीत. या धातूला पुढे ‘ड्युरॅल्युमिन’ हे नाव मिळाले आणि आकाशयानांचा सांगाडा त्याचा होऊ लागला.

मग अधिक बळाची हाव सुटली. तांब्याऐवजी जस्ताचे प्रमाण वाढवले तर धातू आणखी बळकट होतो, हे लवकरच कळून आले. पण असे बळकट धातू थोड्याच दिवसांत आपोआप चिरफळत. जपानात सुमितोमो कंपनीतील इगाराशी यांनी १९३६ च्या सुमारास जस्त, मॅग्नेशियम आणि तांबे यांच्या मिश्रणात किंचित क्रोमियम घातले आणि हा दोष पुष्कळसा आटोक्यात आणला. दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या जपानी ‘झीरो’ विमानाच्या पंखांचे तुळईवजा कणे याच धातूचे होते. जपानी भाषेत या चिरफळण्याला जो शब्द रूढ झाला, त्याचाही अर्थ ‘हंगामी तडा’ असाच होतो. पितळेचे नाव ॲल्युमिनियमला चिकटले. अमेरिकेत १९४३ साली याच वंशातला धातू पुढे आला. तो आज ७०७५ या क्रमांकाने जगभर ओळखला जातो. पूर्ण मुरवला असता त्याची एक चौरस मिलिमीटरची तार सुमारे ५८ किलो वजन पेलते, म्हणजे साध्या पोलादाहून अधिक. आणि वजन मात्र पोलादाच्या सुमारे एकतृतीयांश.

येवढ्या बलवान धातूला मिठाची भीती का वाटावी? कोकणातील एखाद्या जुन्या दगडी भिंतीची कल्पना करा. दगड उत्तम आहेत. पण दगड आणि दगड यांच्यामध्ये चुन्याचा सांधा आहे. कोणताही धातू असाच असंख्य कणांचा रचलेला असतो, आणि कणाकणांमध्ये सीमा असते. धातू मुरताना जस्त आणि मॅग्नेशियम यांचे कण या सीमांवर विशेष गर्दी करतात, आणि त्यांच्या लगतची पट्टी त्या द्रव्यांना पारखी होते. खाऱ्या पाण्याला हा फरक पुरेसा असतो. सीमेवरचे मिश्रण आणि आतील धातू यांच्यात एक विजेची बारीकशी घटमाला सुरू होते आणि सीमा झिजू लागते. दगड जसेच्या तसे, सांधा तेवढा पोखरला जातो. भिंत नुसती उभी असेल तर पोखरलेल्या सांध्यांनिशीही ती काही काळ उभी राहील. पण तिला कोणी दोन्ही बाजूंनी ओढत असेल, तर सांधा उघडा पडतो, पाणी आत शिरते आणि पुढचा सांधा गाठते.

ताणाचे काम किती मोठे आहे, हे कापडाच्या दुकानात दिसते. दुकानदार कापड मोजतो, काठाला कात्रीने बोटभर चीर देतो आणि दोन्ही हातांनी ओढून टर्रकन फाडतो. अखंड कापड त्याला तसे फाडता येणार नाही. चीर दिल्यावर त्याच्या हातांचा सारा जोर चिरेच्या टोकाशी एकवटतो. धातूमध्ये कात्रीचे काम मीठ करते. आणि एकदा चीर पडली की तिच्या टोकाशी एक निराळेच जग निर्माण होते. समुद्राचे पाणी वास्तविक किंचित अल्कधर्मी; पण त्या अरुंद फटीत कोंडलेल्या पाण्याची ॲल्युमिनियमशी क्रिया होऊन ते चक्क आम्ल बनते. बाहेर खाडी, आत लिंबाच्या रसाचा लांबचा भाऊ! शिवाय त्या क्रियेतून हायड्रोजन सुटतो. त्याचे सुटे अणू चिरेच्या टोकापुढच्या धातूत शिरून तेथील सांधा ठिसूळ करतात. सीमा विरघळते म्हणून तडा पुढे जातो, की हायड्रोजनने ठिसूळ होते म्हणून, यावर शास्त्रज्ञांमध्ये अनेक दशके वाद झाला. जस्ताच्या मिश्रधातूंत हायड्रोजनकडे बोट दाखवणाऱ्यांचे पारडे आता जड आहे.

येथपर्यंत मिठाचा भाग झाला. मला अधिक बोलावयाचे आहे ते ताणाविषयी, कारण तो बहुधा आपल्याच हातांनी आत घातलेला असतो. एखाद्याला वाटेल की विमान उडताना पंखांवर जो भार येतो, त्यानेच हे तडे पडत असतील. तसे क्वचितच घडते. उड्डाणाचा भार येतो आणि जातो. ताणतड्याला हवा असतो रात्रंदिवस न हलणारा ताण. तो कोठून येतो? पहिला उगम म्हणजे पाणी पाजणे. तापलेला जाड ठोकळा पाण्यात बुडवला की पृष्ठभाग आधी थंड होतो आणि गाभा मागाहून. दोघांची ओढाताण धातूत कायमची कोंडून राहते. कोंडलेली असताना ती तोलात असते. मग तोच ठोकळा यंत्रावर एका बाजूने कातला की तोल बिघडतो आणि आत दबलेला ताण पृष्ठभागी येतो. दुसरा उगम अगदी ओळखीचा. भोकात बुश बसत नाही, तेव्हा ती दाबयंत्राने ठोकून बसवतात. दोन भागांत केसभर फट राहते, तेव्हा बोल्ट आवळून ती मिटवतात. फट मिटते, बाहेरून काम सुबक दिसते, आणि त्या आवळण्याचा ताण त्या भागाच्या आयुष्यभर त्याच्या अंगात राहतो.

आमच्या वस्तीतली पोरे आय. टी. आय.मधून निघून कारखान्यांत जातात. ‘बसत नसेल तर आवळून बसव’ हा उपदेश त्यांना पहिल्याच आठवड्यात ऐकू येतो. सिलिकॉनच्या ओतीव भागाला तो बहुधा पचतो. पण उद्या त्याच पोराच्या हाती विमानाचा किंवा नौकेचा भाग आला, तर तेथे फटीइतक्या जाडीची शिम घालणे आणि बोल्टने फट न ओढणे हाच नियम आहे, आणि तो नियम का आहे हे त्याला कोणीतरी समजावून सांगितले पाहिजे. नुसता नियम सांगितला तर तो घाईच्या वेळी मोडला जातो, हे मी चाळीस वर्षे वर्गात पाहिले आहे.

त्यातच आणखी एक गोम आहे. जाड पत्रा लाटून किंवा घण मारून तयार होतो तेव्हा आतले कण पोळीच्या पापुद्र्यांसारखे चपटे आणि लांब होतात. पापुद्र्यांच्या लांबीच्या दिशेने ओढले तर भेगेला सरळ वाट मिळत नाही; जाडीच्या दिशेने, म्हणजे पापुद्रे एकमेकांपासून सोडवण्यासाठी ओढले, तर सर्व सीमा एका सपाटीत तिच्यापुढे अंथरलेल्याच असतात. बांबू आडवा तोडणे कठीण, उभा चिरणे सोपे, तसे हे आहे. पूर्ण मुरवलेला ७०७५ धातू या दुबळ्या दिशेने ओढला आणि मिठाच्या पाण्याची संगत दिली, तर चौरस मिलिमीटरला सुमारे ५ किलोच्या ताणावरही तो तडकू शकतो. ५८ किलोचा पैलवान ५ किलोला पडतो! या आकड्यांनी गेल्या शतकाच्या मध्यास विमानांचे आराखडे करणाऱ्यांची झोप उडवली. याच जातीचा ७०७९ हा धातू विमानांच्या जाड घडीव भागांसाठी मोठ्या अपेक्षेने वापरात आला आणि तडे पडू लागल्यावर त्याला नव्या विमानांतून रजा द्यावी लागली.

नौकांची गोष्ट थोडी निराळी आहे. जहाजाला जस्ताचे बलाढ्य धातू सहसा वापरीत नाहीत. तेथे मॅग्नेशियम मिसळलेले ॲल्युमिनियम चालते. ते मुरवून कठीण करावे लागत नाही, वितळजोड चांगला घेते आणि समुद्रात उत्तम टिकते. वेगवान नौकांना हलकेपणा हवाच. आपल्या तटरक्षक दलासाठी लार्सन अँड टुब्रोने बांधलेल्या वेगवान नौकांचे अंगही ॲल्युमिनियमचेच आहे. मॅग्नेशियम शेकडा ३ च्या आत असेल तर काही काळजी नाही. परंतु बळ वाढवण्यासाठी ते शेकडा ४-५ पर्यंत नेले, म्हणजे साधारण तापमानाला ॲल्युमिनियमला जेवढे पचते त्याहून ते अधिक होते. अधिकाचे मॅग्नेशियम कोंडून बसते आणि उष्णता मिळाली की हळूहळू कणांच्या सीमांवर येऊन साठते. उष्णता तरी किती? भट्टीची नव्हे, उन्हात तापलेल्या डेकची, धुराड्याजवळच्या पत्र्याची. पन्नास-साठ अंशांचा ताप वर्षानुवर्षे लागला की पुरे. मग सीमांवर साठलेले हे द्रव्य खाऱ्या पाण्यात सर्वांत आधी विरघळते.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेच्या नौदलातले आहे. १९८३ ते १९९४ या काळात त्या नौदलात टिकोंडेरोगा वर्गाच्या २७ युद्धनौका दाखल झाल्या. खालचा भाग पोलादाचा, वरच्या इमारतीसारखा भाग ५४५६ क्रमांकाच्या ॲल्युमिनियमचा. त्यात मॅग्नेशियम शेकडा ५ च्या आसपास. वरचे वजन हलके राहावे हा हेतू. वीसएक वर्षे उष्ण समुद्रांत फिरल्यावर त्या वरच्या भागाला तडे दिसू लागले, आणि २०१० च्या सुमारास या नौकांवरील तड्यांची एकूण संख्या तीन हजारांवर गेल्याचे प्रसिद्ध झाले. दुरुस्तीसाठी तडा वितळजोडाने भरावा, तर जोडाची उष्णता आणि तो थंड होतानाचा आकस यांनी शेजारच्या आजारी पत्र्याला नवा तडा जाई. शेवटी काही ठिकाणी वितळजोडाचा नाद सोडून धाग्यांच्या मिश्र पदार्थाची ठिगळे चिकटवण्यात आली. नव्या बांधणीसाठी उपाय पूर्वीच ठरलेला होता. पत्रा अशा रीतीने तयार करावयाचा की मॅग्नेशियम सीमांवर सलग रांग धरणार नाही. आणि विकत घेण्यापूर्वी त्याचा तुकडा तीव्र नत्राम्लात चोवीस तास बुडवून त्याचे वजन किती घटते ते पाहावयाचे. चौरस सेंटिमीटरला १५ मिलिग्रॅमपर्यंत घट झाली तर पत्रा चांगला. २५ च्या पुढे गेली तर तो समुद्रावर नेऊ नये.

ताण आणि मीठ यांच्या संगनमताचे बळी आपल्या बाजूलाही आहेत, मात्र तेथे धातू निराळा. पणजीजवळ मांडवी नदीवरचा नेहरू पूल विशीही न गाठता ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. त्या पुलाचे काँक्रीट आतल्या पोलादी तारा ताणून आवळून धरलेले होते, आणि खाडीच्या हवेने त्या तारांनाच गंजाने खाल्ले होते. तो गंज आणि ॲल्युमिनियमचा ताणतडा हे एकच रोग आहेत असे मला म्हणावयाचे नाही. पण ताणलेली वस्तू काँक्रीटच्या आत झाकलेली, भर पावसाळ्याचा महिना आणि बाहेरून फारसे काही न दिसणे, हे साम्य लक्षात येण्याजोगे आहे. नौदलाने या प्रश्नांसाठी १९५३ सालीच मुंबईच्या गोदीत प्रयोगशाळा काढली. तीच आज अंबरनाथला नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळा म्हणून काम करते. पवईच्या आय. आय. टी.तही हा विषय पुष्कळ वर्षे अभ्यासला जात आहे. तेथील व्ही. एस. राजा यांनी एका जपानी सहकाऱ्याबरोबर संपादन केलेला ताणतड्यावरचा इंग्रजी ग्रंथ २०११ साली प्रसिद्ध झाला.

परीक्षेची पद्धत ऐकण्यासारखी आहे. धातूच्या पट्ट्या किंवा इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी कडी करून ती आवळून ताणात ठेवतात आणि शेकडा साडेतीन मिठाच्या पाण्यात, म्हणजे जवळजवळ समुद्राएवढ्या खारटपणात, बुडवतात. पण सतत नाही. दर तासाला दहा मिनिटे पाण्यात आणि पन्नास मिनिटे हवेत, असे आठवडेच्या आठवडे चालते. बाहेर काढल्यावर पाणी सुकते, मिठाची तीव्रता वाढते, हवेतील प्राणवायू भरपूर मिळतो आणि रोगाला जोर येतो. सदैव बुडालेल्या भागापेक्षा लाटांच्या तुषारांनी भिजणारा आणि उन्हाने सुकणारा भाग अधिक धोक्यात का असतो, हे यावरून कळेल. समुद्रावरून परतलेली विमाने गोड्या पाण्याने धुण्याची जी रीत आहे, ती हौसेची नव्हे.

आता विमानाच्या धातूवरचा उपाय. तो सापडला १९६० च्या सुमारास, आणि त्याच्यामागचा विचार साधा होता : धातू अधिक मुरू द्यावा. पूर्ण बळ येण्यासाठी ७०७५ धातू १२० अंशांवर एक दिवस ठेवतात. तेथे न थांबता त्याला आणखी वरच्या, सुमारे १६५ ते १७५ अंशांच्या आचेवर अनेक तास ठेवले, तर तो ऐन बळाचा काळ ओलांडून पुढे जातो. सीमांवरचे कण जाड आणि विरळ होतात, त्यांची सलग रांग मोडते. या अवस्थेला ‘टी-७३’ असे नाव आहे. बळ घटते : ५८ किलोचे ५१ किलोच्या आसपास येते. पण दुबळ्या दिशेने मिठात तो जो ५ किलोला तडकत होता, तो आता सुमारे ३० किलोपर्यंत टिकतो. सात किलो सोडले आणि पंचवीस मिळवले! हिशेब इतका उघड असूनही आराखड्यांवर बसलेल्या मंडळींना तो पचावयास वेळ लागला. कारण ५८ चा आकडा पुस्तकात छापलेला असतो, आणि ५ चा आकडा समुद्रकाठी कित्येक महिन्यांनी कळतो. याच्या जोडीला इतर उपायही आले. पाणी पाजल्यानंतर जाड पत्रा किंचित ताणून आतली ओढाताण काढून टाकणे. भागाच्या पृष्ठावर बारीक छर्‍यांचा मारा करून तेथे ओढीऐवजी दाब निर्माण करणे, कारण दाबलेल्या जागी भेग उघडू शकत नाही. सांध्यांत पाणी साचू न देणे. तरीही तपासणी सुटत नाही. रंगीत द्रव लावून पुसला की भेगेत राहिलेला रंग रेषेच्या रूपाने उमटतो, आणि खोलवरच्या भेगा श्राव्यातीत ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून शोधतात.

ते सात किलोही सोडावे लागू नयेत, अशी युक्ती पुढे इस्रायलमधील बारूख चिना यांनी काढली. तिचे एकस्व १९७४ सालचे आहे. पूर्ण मुरवलेला धातू काही मिनिटेच दोनशे अंशांच्या वर तापवावयाचा. येवढ्या अल्प वेळात कणांच्या पोटातले सूक्ष्म कण पुन्हा विरतात, पण सीमांवरचे मात्र वाढून जाड होतात. नंतर १२० अंशांवर पुन्हा एक दिवस मुरवले की पोटातले बळ परत येते आणि सीमा बदललेल्याच राहतात. जाड ठोकळ्याला काही मिनिटांत आतपर्यंत सारखे तापवणे अशक्य, म्हणून ही युक्ती बराच काळ कागदावरच होती. पुढे अमेरिकेतील अल्कोआ कंपनीने याच दिशेने जाणारी, कारखान्यात पेलेल अशी प्रक्रिया बसवली. बोइंग ७७७ विमानाच्या पंखांच्या वरच्या बाजूचा पत्रा ७०५५ क्रमांकाचा असून तो या प्रक्रियेतून गेलेला आहे. एअर इंडियाच्या ताफ्यातही ही विमाने आली.